ट्रेलरच्या छतावरचं ऊन किती किलोमीटर जातं?

माझा भाचा अमेरिकेत फिनिक्सला असतो. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं शहर, वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन. त्याच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे आणि आता तिच्यामागे जोडायला एक ट्रेलर घ्यायचा त्याचा बेत चाललाय: झोपायला, रांधायला, आंघोळीला जागा असलेलं चाकांवरचं छोटं घर. परवा फोनवर म्हणाला, "मामा, छतभर सोलर पॅनेल टाकली तर वाटेत चार्जिंगला थांबावंच लागणार नाही ना?"

मग फोनवरच आम्ही हिशेब मांडला. डिसेंबरमधल्या एका स्वच्छ दिवसाची सगळी वीज गाडीत भरली, तर ट्रेलरसकट ती जाते साधारण ११ किलोमीटर.

तो काही क्षण गप्पच झाला. पण हा आकडा कुठून येतो ते बघण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा बेत त्याच्यावरच बेतायचा आहे.

सहा मीटर लांबीच्या ट्रेलरचं छत १३ चौरस मीटरच्या आसपास भरतं. त्यातून हवेचे झरोके, एसीचं खोकं आणि चालायची जागा वजा केली की ४०० वॅटची चार पॅनेल बसतात, म्हणजे १६०० वॅट. पॅनेलवर छापलेला हा आकडा, ऊन चौरस मीटरला १००० वॅट इतकं कडक असेल आणि पॅनेलचं तापमान २५ अंश असेल, तेव्हाचा. प्रत्यक्षात पॅनेल तापतात, धूळ बसते, वायर आणि इन्व्हर्टर आपापला वाटा खातात. पाऊण हिस्सा हाती लागला तरी चांगलं समजावं.

त्यात सूर्य तिरपा. २१ डिसेंबरला भर दुपारी तो पुण्यात क्षितिजाच्या ४८ अंश वर असतो, फिनिक्सला फक्त ३३ अंश. आपल्या गच्चीवरची पॅनेल दक्षिणेकडे कललेली असतात, म्हणून ती हिवाळ्यातही बरं काम करतात. ट्रेलरची पॅनेल मात्र छतावर सपाट झोपलेली असतात, आणि ३३ अंशांवरून येणाऱ्या थेट उन्हातलं निम्म्याच्या थोडं वर त्यांच्या वाट्याला येतं. दिवसाची बेरीज होते साडेतीन युनिट. हे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच, एक किलोवॅट तासभर. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा तीच पॅनेल आठ-नऊ युनिट देतात.

आता खर्चाची बाजू. ताशी ८० किलोमीटरने दोन टनांची गाडी आणि दीड टनाचा ट्रेलर ओढायला आमच्या हिशेबाने १०० किलोमीटरला ३२ युनिट लागतात. यातली जवळपास दोन तृतीयांश ताकद वजनावर खर्च होत नाही, ती हवा बाजूला सारण्यात जाते. मला स्वतःला हा या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. लोक ट्रेलर घेताना वजन विचारतात, उंची आणि पुढचा आकार विचारत नाहीत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलं की तोच हिशेब ३२ वरून ४४ युनिटांवर जातो. गाडी एकटी असताना ८० च्या वेगाला तिला पंधरा-सोळा युनिट पुरतात. म्हणून ट्रेलर जोडला की गाडीची रेंज निम्म्यावर किंवा त्याखाली येते, आणि मग मालक बॅटरीला दोष देत बसतात.

हवेशी असलेलं हे भांडण बनवणाऱ्यांनीही ओळखलं आहे. अमेरिकेतल्या लाइटशिप कंपनीने २०२३ मध्ये दाखवलेल्या ट्रेलरचा वरचा अर्धा भाग प्रवासात खाली बसतो आणि मुक्कामाला वर उचलला जातो. त्या ट्रेलरला स्वतःची मोटर आणि मोठी बॅटरीही आहे, त्यामुळे ओढणाऱ्या गाडीवरचा भार हलका होतो. जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीने २०२१ मध्ये असाच मोटर लावलेला प्रायोगिक कॅरॅव्हॅन इलेक्ट्रिक गाडीमागे जोडला आणि आल्प्स ओलांडून इटलीतल्या गार्डा सरोवरापर्यंत ३८६ किलोमीटर वाटेत चार्ज न करता नेला. त्यात छतावरच्या उन्हाचा वाटा छोटा होता, खरं काम केलं ते ट्रेलरमधल्या ८० युनिटांच्या बॅटरीने.

भाच्याला इतका महागडा ट्रेलर नको आहे. त्याने साधाच घ्यायचा, पण उन्हाला पेलेल ते काम उन्हाला द्यायचं. ते काम म्हणजे घर चालवणं. १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज दिवसाला पाऊण युनिट घेतो. इंडक्शनवर दोन वेळचा स्वयंपाक सव्वा-दीड युनिट. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, लॅपटॉप, फोन मिळून एक युनिट. एकूण साडेतीनच्या आत. डिसेंबरमध्येही ऊन हा खर्च भागवतं, आणि रात्रीसाठी पाच युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून थंडीत ट्रेलरच्या आत ठेवलेली बरी. आणि ठेवायची चाकांच्या आसाजवळ. मागच्या टोकाला वजन गेलं की हिचवरचा, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या आकड्यावरचा, दाब कमी होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. त्यातून अपघात होतात, इथे काटकसर नको.

वजनाचं दुसरंही गणित आहे. मध्यम आकाराच्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांची ओढायची मर्यादा १६०० किलोच्या आसपास असते. चार पॅनेल ८०-८५ किलो, बॅटरी ५० किलो, टाकीत १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो. दीड टनाचा ट्रेलर घरी आणेपर्यंतच मर्यादा ओलांडतो. म्हणून मी त्याला सव्वा टनाचा बघायला सांगितलं, सामान-पाण्यासकट तो दीड टन होईल.

हे सगळं कोलमडतं ते एसीपाशी. जूनमध्ये फिनिक्सचा पारा दुपारी चाळिशीच्या वर जातो. अशा उन्हात उभ्या ट्रेलरचा एसी दिवसाला आठ-दहा युनिट सहज खातो, म्हणजे छताची सगळी कमाई. सावलीत उभं केलं तर पॅनेल उपाशी. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका फांदीची सावली पडली तरी पॅनेलचा मोठा हिस्सा बंद पडू शकतो.

इथे भाच्यानेच तोड काढली, आणि ती मला फार आवडली. ॲरिझोनातल्याच फ्लॅगस्टाफ शहराला जायचं. फिनिक्सपासून साधारण २३० किलोमीटर, पण समुद्रसपाटीपासून २१०० मीटर उंच. फिनिक्स आहे ३३० मीटरवर. जूनमध्ये तिथे दुपारी २६-२७ अंश असतात, रात्री तर पांघरूण लागतं. साडेतीन टनांची जोडी १७७० मीटर वर चढवायला मोटरचं नुकसान धरून सुमारे २० युनिट जादा लागतात. फिनिक्समध्ये दोन-अडीच दिवस एसी चालवला तरी तेवढीच वीज जाते. म्हणजे आठवडाभर राहायचं असेल तर डोंगर चढणं स्वस्त पडतं. शिवाय परतताना उतारावर मोटर जनित्रासारखी चालून त्यातला बराच हिस्सा बॅटरीत परत घालते.

सपाटीचे ७४ आणि चढणीचे २० मिळून जाताना ९४ युनिट. गाडीची बॅटरी ७७ युनिटांची. तेव्हा वाटेत एक चार्जिंग अटळ. ते वाटेवरच्या कॅम्प व्हर्डी गावाच्या आसपास घेतलेलं बरं, कारण तिथे रस्ता दरीत उतरतो आणि पुढे फ्लॅगस्टाफपर्यंत मोठी चढण आहे. बहुतेक चार्जिंग स्टेशनांवर ट्रेलर लावून उभं राहायला जागा नसते, तो सोडावा लागतो. त्याला आधी अर्धा तास जास्त धर म्हटलं. मुक्कामाच्या ठिकाणी मात्र अडचण नाही. अमेरिकेतल्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे ट्रेलर घेऊन मुक्काम करायच्या जागी, २४० व्होल्ट, ५० अँपिअरचं सॉकेट बऱ्याच ठिकाणी असतं, त्यावर गाडी रात्रीतून भरते.

आणि मुक्कामी पोचून ट्रेलर सोडला की उन्हाची किंमत एकदम वाढते. फ्लॅगस्टाफला एसी नाही, घरखर्च साडेतीन युनिट, छताची कमाई आठ-नऊ. उरलेली पाच युनिट गाडीत घातली तर एकटी गाडी २५-३० किलोमीटर फिरते. बाजारहाट, जवळच्या पायवाटा, संध्याकाळची रपेट, सगळं त्यात बसतं. ग्रँड कॅनियन तिथून १३० किलोमीटर, त्याला चार्जिंग लागेल.

फक्त महिना जूनचाच धरायचा. जुलै-ऑगस्टमध्ये ॲरिझोनातही दुपारी आभाळ भरून येतं आणि पाऊस पडतो. तिथली माणसं त्याला मॉन्सूनच म्हणतात.