‘राहतोय ना आपण? मग ४० टक्के सुटलेच!’

पुण्यात मिळकतकराचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी टाकतंच. घरमालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत महापालिका आपणहून देते, हा समज जुना आहे, आणि त्याला कारणही आहे. १९७० पासून ही सवलत चालत आली. जुन्या घरांच्या बिलात ती आधीच वजा होऊन येते, म्हणून तिथल्या बहुतेकांना काही करावं लागलं नाही.

मध्यंतरी सवलत बंद झाली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा दिली. १ एप्रिल २०१९ नंतर नव्याने आकारणी झालेल्या घरांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना ‘पीटी-३’ अर्ज भरायला लावला. सोबत तुम्ही तिथेच राहता याचा पुरावा हवा: सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड, असं काहीतरी. महापालिकेला तुमच्या दिवाणखान्यात कोण बसतं हे कळणार कसं? आकारणी होते ती बांधकामाची. राहणारा मालक की भाडेकरू, हे सांगावं लागतं.

आणखी एक गल्लत. मुदतीत बिल भरल्यावर मिळकतकरातल्या ‘सर्वसाधारण कर’ या भागात मिळणारी ५ किंवा १० टक्के सूट म्हणजे ही सवलत नव्हे. ती भाड्याने दिलेल्या फ्लॅटलाही मिळते. तेव्हा बिल हातात आल्यावर नुसती खालची रक्कम बघून ऑनलाइन भरून टाकू नका. ४० टक्के सवलत धरलीय की नाही, ते आधी वाचा.