आयापेटस

शनीचा एक हिमाच्छादित उपग्रह. आकाराने टायटन व रीआ यांच्याखालोखाल तिसरा. जी. डी. कासीनी यांनी १६७१ मध्ये पॅरिस येथून शोधला. व्यास सुमारे १,४७० किमी. (नागपूर ते कन्याकुमारी सरळ रेषेतील अंतर जवळपास एवढेच आहे). घनता पाण्याहून किंचित जास्त असल्याने अंतर्भाग मुख्यतः बर्फाचा असावा. शनीभोवती एक प्रदक्षिणा ७९.३ दिवसांत, अक्षीय भ्रमणही तेवढ्याच अवधीचे.

कासीनी यांना हा उपग्रह प्रथम शनीच्या पश्चिमेलाच दिसे. पूर्वेला असताना आपल्याकडे वळणारा त्याचा अर्धा भाग काळसर असल्याचा त्यांचा तर्क पुढे खरा ठरला. गतीच्या दिशेकडील अर्धा भाग जेमतेम ५% प्रकाश परावर्तित करतो, मागील भाग निम्म्याहून अधिक. फीबी या शनीच्या दूरच्या उपग्रहावरून सुटलेली धूळ पुढील बाजूवर साचते, हे एस. सोटर यांनी १९७४ मध्ये सुचविले. २००९ मध्ये स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला फीबीच्या कक्षेत विरळ कडे आढळल्याने त्यास बळ मिळाले. मात्र सीमारेषा इतकी ठळक का, हे केवळ धुळीने सुटत नाही. संथ भ्रमणामुळे काळा पृष्ठभाग दीर्घकाळ तापतो, तेथील बर्फाचे संप्लवन होते (बर्फाची थेट वाफ होते) व बाष्प थंड, उजळ भागावर गोठते. काळे अधिक काळे होत जाते.

कासीनी यानाने २००४ च्या अखेरीस टिपलेला विषुववृत्तीय कणा (विषुववृत्तालगतची डोंगररांग) अधिक वादग्रस्त आहे. लांबी सुमारे १,३०० किमी., रुंदी २० किमी., उंची काही ठिकाणी २० किमी.पर्यंत. त्यावर विवरांची दाटी असल्याने तो बराच प्राचीन मानावा लागतो. एका मतानुसार तो पूर्वीच्या जलद भ्रमणाचा अवशेष आहे. उपग्रहाचा चपटेपणा सुमारे १६ तासांच्या भ्रमणाशी जुळतो, हे खरे; पण त्यातून फुगवटा समजतो, इतका अरुंद कणा नव्हे. दुसऱ्या मते तो आतून वर आलेल्या बर्फाचा आहे. तिसऱ्या मतानुसार आयापेटसभोवतीच एकेकाळी कडे किंवा छोटा उपउपग्रह होता व त्याचे अवशेष खाली कोसळले. कणा विषुववृत्ताला इतका काटेकोरपणे चिकटून का आहे, याचे उत्तर या मतात सहज मिळते. तो सलग का नाही, हा आक्षेप मात्र उरतो.

पश्चिमेला असताना दृश्य प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका बिंदू मंद) सुमारे १०, पूर्वेला १२ च्या आसपास. सध्या शनीची प्रतियुती (पृथ्वीवरून तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला असण्याची स्थिती) सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये येते. त्यामुळे नागपुरात पाऊस उघडल्यावरच निरीक्षणे साधतात. पश्चिमेकडील आयापेटस शनीपासून सुमारे ९ कलांवर (१ कला = अंशाचा ६० वा भाग), १५ सेंमी. दुर्बिणीत मिळतो, पूर्वेकडील बिंदू शहरातील सीताबर्डीच्या उजेडात हरवतो, त्यासाठी रामटेकच्या बाजूला जावे.