दारू सोडणाऱ्यांच्या सभेला पाटी का नसते

सोलापुरात नवऱ्याची, भावाची, मुलाची दारू सुटावी म्हणून घरचे धावपळ करतात तेव्हा आधी दवाखाना शोधला जातो, मग एखादं केंद्र, मग कुणी सांगितलेली मुळी. दारू सोडलेल्यांचा ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ नावाचा गट असतो आणि तिथे फी न भरता जाता येतं, हे बहुतेकांना फार उशिरा कळतं. गट इतका नजरेआड का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

या शहरात दारूविरोध नवा नाही. १८७०च्या दशकात इथे गिरणी आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि कामगारवस्त्या वाढल्या. गिरणगाव म्हटलं की पगाराचा दिवस आणि त्या वाटेवरचा गुत्ता आलाच. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं. ८ मे रोजी लोक रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडं तोडायला गेले. शिंदीपासून दारू होते, म्हणून सरकारचा दारूवरचा अबकारी महसूल बुडवणं हा सत्याग्रहाचाच भाग होता. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हुतात्मा झाले. चारच दिवसांनी मार्शल लॉ लागला. मार्शल लॉ आणि पुढे फाशी गेलेले चार हुतात्मे शहराला पाठ आहेत, शिंदीची झाडं मात्र आपण विसरलो.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा राहिला आणि प्यायला परवाना लागतो ही अट आजही त्यात आहे. माझ्या मते या कायद्याचा एक परिणाम फार खोल गेला. दारू पिणारा माणूस आरोपी ठरला, त्यामुळे तो लपून प्यायला लागला आणि घरच्यांनीही ते लपवलं. आजारी माणूस म्हणून त्याच्याकडे बघायची सवय लागायला पुढची कित्येक वर्षं गेली. हातभट्टीवर धाडी पडत राहिल्या. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये शहराजवळच्या मुळेगाव तांड्यावर ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. त्यात भट्टी लावणाऱ्यांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा विचार होता आणि तो मला मोलाचा वाटतो. मात्र भट्टी बंद झाली म्हणून पिणाऱ्याची तलफ बंद होत नाही.

आपल्याकडे सोडण्याचा जुना मार्ग माळेचा. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. तुळशीची माळ गळ्यात आली की दारू-मटण सुटतं, आणि गावातले इतर माळकरी त्या माणसाला सांभाळून घेतात. माळेने कितीतरी घरं वाचवली. पण माळेची शपथ जन्माची असते. ती एकदा मोडली की माणूस शरमेने दिंडीतही जायचा बंद होतो, आणि नेमकी त्याच वेळी त्याला माणसांची गरज असते.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., याच ठिकाणी वेगळी वाट धरते. १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघेही दारूने पोखरलेले. एका पिणाऱ्याचं दुसरा पिणाराच नीट ऐकून घेतो, एवढ्या अनुभवावर ही चळवळ उभी राहिली. इथे शपथ नाही. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही. घसरलेला माणूस पुन्हा आला तर त्याला चहा देऊन बसवतात. भारतात ए.ए. १९५७ साली मुंबईत रुजली. महाराष्ट्रात या विचाराला मोठं बळ दिलं ते १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने.

पाटी नसण्याचं कारण ए.ए.च्या परंपरांमध्येच आहे. नाव गुप्त राहतं, जाहिरात केली जात नाही, बाहेरची देणगी घेतली जात नाही. शाळेचा वर्ग किंवा एखादा छोटा हॉल तासा-दीड तासासाठी मिळवायचा, तिथे एकेकाने फक्त पहिलं नाव सांगून आपली गोष्ट सांगायची, शेवटी पिशवी फिरते, जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा.

म्हणून शोधताना विचारावंच लागतं. ए.ए.च्या भारतातल्या कार्यालयाकडे किंवा संकेतस्थळावर गावानुसार सभा विचाराव्यात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे. फोनवर तीन गोष्टी आवर्जून विचारा: सभा खुली आहे का, म्हणजे घरच्यांना बसता येईल का; वार आणि वेळ; आणि भाषा. सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरवस्तीतला माणूस मनातलं तेलुगूत बोलतो, कुणी कन्नडमध्ये, कुणी दखनीत. मराठी सभेत तो गप्प बसला तर त्याला इच्छा नाही असं समजू नये.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र सभेच्या भरवशावर एकदम दारू तोडू नये. हात थरथरणं, झटके, भ्रम हे जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, सोबत गट.

विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईसाठीही जागा आहे. १९५१ साली सुरू झालेलं अल-अ‍ॅनॉन हे पिणाऱ्याच्या कुटुंबीयांचं आहे. नवरा यायला तयार नसला तरी तिला एकटीला तिथे जाता येतं.