ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियात मुलांकडे कायमचं जायचंय? पालक व्हिसाची पात्रता, कागदपत्रं आणि गोठणारी पेन्शन

ब्रिटिश पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाची ई-व्हिजिटर परवानगी फुकट आणि बहुतेकदा चटकन मिळते. त्यामुळे लीड्स किंवा ब्रिस्टलमधल्या अनेक आईवडिलांना वाटतं, की पर्थच्या मुलीकडे कायमचं राहायला जाणंही असंच सोपं असणार. ई-व्हिजिटरवर एका वेळी जास्तीत जास्त ३ महिने राहता येतं. कायमच्या वास्तव्याचा प्रश्न आला की ब्रिटिश, भारतीय, चिनी, फिलिपिनो असे सगळे आईवडील एकाच रांगेत येतात आणि ब्रिटिश असण्याची कसलीही सवलत मिळत नाही. या रांगेचा हिशेब दशकांत होतो. म्हणून आधीच सांगते: हा विषय पंचाहत्तरीत नव्हे, साठीच्या आसपासच घरात काढायला हवा.

इंटरनेटवर जुनी माहिती खूप फिरते, तेव्हा एक गोष्ट आधी निकालात काढू. पूर्वी पैसेवाल्या निवृत्तांसाठी ऑस्ट्रेलियाचा वेगळा व्हिसा होता. ४१० क्रमांकाचा रिटायरमेंट व्हिसा नव्या अर्जदारांसाठी २००५ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी आलेला ४०५ क्रमांकाचा गुंतवणूकदार निवृत्त व्हिसा २०१८ मध्ये. आता 'निवृत्त' म्हणून ऑस्ट्रेलियात जायची वाट उरलेली नाही. जायचं ते कुणाचे तरी आईवडील म्हणूनच.

सगळ्यात आधी मुलं मोजा

पैसा, तब्येत, वय या सगळ्याच्या आधी 'बॅलन्स ऑफ फॅमिली' ही कसोटी लागते. तुमच्या एकूण मुलांपैकी निदान निम्मी ऑस्ट्रेलियात कायमची राहत असली पाहिजेत. तसं नसेल तर इतर कुठल्याही एका देशात जितकी मुलं आहेत, त्यांच्यापेक्षा जास्त ऑस्ट्रेलियात हवीत.

दोन मुलं, एक सिडनीत आणि एक लंडनमध्ये: निम्मी झाली, पास. तीन मुलं, एक सिडनीत, एक लंडनमध्ये, एक टोरांटोत: नापास, कारण निम्मी होत नाहीत आणि ऑस्ट्रेलियाचा आकडा इतर देशांपेक्षा मोठाही नाही. पाच मुलांपैकी दोन ऑस्ट्रेलियात आणि उरलेली तीन तीन वेगळ्या देशांत असतील, तर मात्र पास.

दुसरं लग्न झालेल्यांनी इथे फार जपावं. जोडीदाराची आधीच्या लग्नाची मुलंही मोजणीत येतात. ज्या मुलाशी गेली वीस वर्षं बोलणं नाही, तोही येतो. मोजणीतून वगळण्याची कारणं मोजकी आहेत, आणि 'आमचा संबंध राहिलेला नाही' हे त्यांत बसत नाही. अधिकाऱ्याला दया आली तरी ही अट त्याला शिथिल करता येत नाही. कितीतरी घरांचा विचार याच पायरीवर संपतो, म्हणून कुणालाही फी देण्याआधी ही मोजणी स्वतः करा.

स्पॉन्सर होणारा मुलगा किंवा मुलगी ऑस्ट्रेलियाची नागरिक, कायम रहिवासी किंवा पात्र न्यूझीलंड नागरिक असावी लागते आणि तिथे 'स्थिरावलेली' असावी लागते. याचा व्यवहारातला अर्थ साधारण २ वर्षांचं वास्तव्य.

कुठला व्हिसा?

फी कमी असलेला साधा पालक व्हिसा म्हणजे १०३, आणि ऑस्ट्रेलियात असताना अर्ज करायचा वृद्ध पालक व्हिसा म्हणजे ८०४. यांची प्रतीक्षा ३० वर्षांच्या वर गेली आहे. ६७ व्या वर्षी अर्ज करणाऱ्याला ३० वर्षांनी व्हिसा मिळेल, असं सांगण्यात काय अर्थ आहे? २०२३ मध्ये मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर व्यवस्थेचा आढावा घेतला. जो व्हिसा बहुधा कधी मिळणारच नाही त्यासाठी अर्ज घेत राहणं क्रूर आहे, असं मत त्या समितीनेही मांडलं. मला ते पूर्ण पटतं.

दुसरा प्रकार काँट्रिब्युटरी, म्हणजे सरकारकडे मोठी रक्कम भरून घ्यायचा व्हिसा. त्यात १४३ आणि वृद्धांसाठी ८६४ हे दोन मुख्य क्रमांक आहेत. इथली रांग तुलनेने छोटी, पण नव्या अर्जाला तीही दहा वर्षांहून जास्त लागते. २०२३-२४ मध्ये पालकांसाठी एकूण ८,५०० जागा होत्या. त्यांतल्या ६,८०० काँट्रिब्युटरीला आणि उरलेल्या १,७०० साध्या प्रकाराला दिल्या होत्या. तुंबलेले अर्ज लाखाच्या पुढे होते.

१४३ आणि ८६४ मधला फरक नीट समजून घ्या, कारण पुढची दहाहून जास्त वर्षं कुठे काढायची हे त्यावर ठरतं. ८६४ साठी मुख्य अर्जदाराने ऑस्ट्रेलियातलं पेन्शनचं वय गाठलेलं असावं लागतं, आणि ते आता ६७ आहे. अर्ज ऑस्ट्रेलियात असतानाच करायचा असतो. असा वैध अर्ज दाखल झाला की निकाल लागेपर्यंत देशात राहू देणारा ब्रिजिंग व्हिसा मिळतो, म्हणजे प्रतीक्षेची वर्षं नातवंडांसोबत जातात. १४३ ला वयाची अट नाही, पण नुसता अर्ज केला म्हणून ऑस्ट्रेलियात राहायचा हक्क मिळत नाही. प्रतीक्षा ब्रिटनमध्ये, अधूनमधून व्हिजिटर व्हिसावर फेऱ्या मारत करावी लागते.

८६४ चा विचार असेल तर ज्या व्हिजिटर व्हिसावर उतरणार आहात त्याच्या मंजुरीपत्रात ८५०३ ही अट आहे का ते पाहा. 'नो फर्दर स्टे' असं तिचं नाव आहे. ती असेल तर देशात राहून पुढचा अर्ज सहसा करता येत नाही. अर्जानंतर मिळणारा हा ब्रिजिंग व्हिसा 'ए' प्रकारचा असतो; त्यावर असताना ब्रिटनला लग्नाकार्याला किंवा अंत्यविधीला जायचं असेल, तर निघण्याआधी ब्रिजिंग व्हिसा बी घ्यावा लागतो. तो न घेता विमानात बसलात तर परत यायचा हक्क राहत नाही.

मुलांची मोजणी जमत नसेल, तर २०१९ पासून सुरू झालेला ८७० हा तात्पुरता स्पॉन्सर्ड व्हिसा आहे. तो ३ किंवा ५ वर्षांचा मिळतो, सगळे मिळून जास्तीत जास्त १० वर्षं राहता येतं आणि मधे निदान ९० दिवस देशाबाहेर काढून पुन्हा अर्ज करता येतो. त्याला बॅलन्स ऑफ फॅमिली लागत नाही, पण आधी मुलाला स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यावी लागते आणि त्याच्या घरच्या उत्पन्नाची अट असते. ३ वर्षांना माणशी ६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, ५ वर्षांना त्याच्या दुप्पट. नोकरी करता येत नाही आणि आरोग्यविम्याची सोय आपली आपण ठेवावी लागते. दहा वर्षांनी वय ऐंशीच्या घरात असताना परतायचं कुठे, याचं उत्तर आधी ठरवूनच हा रस्ता धरावा.

पैसे

काँट्रिब्युटरीची फी दोन हप्त्यांत आहे. पहिला हप्ता अर्जाबरोबर, साधारण ५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. दुसरा मंजुरीच्या तोंडावर, प्रत्येक प्रौढामागे ४३,६०० डॉलर. जोडप्याला फक्त दुसऱ्या हप्त्यापोटी ८७,२०० डॉलर, म्हणजे ढोबळमानाने ४०-४५ हजार पौंड. व्हिसा देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाने मागितल्याशिवाय हा हप्ता भरायचा नसतो.

शिवाय 'अ‍ॅशुरन्स ऑफ सपोर्ट' म्हणून हमी द्यावी लागते, ती सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी भत्ते देणाऱ्या कार्यालयामार्फत. बहुतेकदा मुलगा किंवा मुलगीच हमीदार होते. एका पालकासाठी १० हजार आणि दोघांसाठी मिळून १४ हजार डॉलर बँकेत १० वर्षं अडकतात, मुदतीनंतर परत मिळतात. या काळात आईवडिलांनी काही ठरावीक सरकारी भत्ते घेतले, तर ती रक्कम हमीदाराकडून वसूल होते. ही सही करण्याआधी जावयाला किंवा सुनेलाही चर्चेत घ्या, कारण घराच्या उत्पन्नावरचा दहा वर्षांचा बोजा त्यांचाही असतो.

तब्येत

वैद्यकीय तपासणी विभागाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच करावी लागते आणि ती निर्णायक ठरते ती शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे रांगेत दहाहून जास्त वर्षं काढल्यावर. अर्जदाराच्या उपचारांचा सरकारवर येणारा अंदाजे खर्च ठरावीक मर्यादेच्या वर गेला की अर्ज नाकारला जातो. जुलै २०२४ पासून ही मर्यादा ८६ हजार डॉलर आहे. रक्तदाब किंवा गोळ्यांवर ताब्यात असलेला मधुमेह एवढ्यावरून सहसा अडत नाही. डायलिसिस किंवा स्मृतिभ्रंश असेल तर अडतं. नियम जोडप्याला एकत्र लागतो: दोघांपैकी एक नापास झाला तर दोघांचाही अर्ज जातो, आणि पालक व्हिसात त्यातून सूट नाही. साठीत अर्ज केलेला बरा असं मी म्हणते, ते मुख्यतः यासाठी.

कागदपत्रं

पासपोर्ट, विवाहाचा दाखला, आधीच्या जोडीदाराच्या घटस्फोटाचा किंवा मृत्यूचा दाखला, आणि सगळ्या मुलांचे जन्मदाखले, ऑस्ट्रेलियाबाहेरच्या मुलांचेसुद्धा. ब्रिटनमध्ये जन्मदाखला दोन प्रकारचा असतो. छोट्या दाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात, त्यामुळे नातं सिद्ध होत नाही. जनरल रजिस्टर ऑफिसकडून पूर्ण दाखला मागवून घ्या. प्रत्येक मूल कुठल्या देशात राहतं याचा पुरावा लागतो. स्पॉन्सर मुलाकडून नागरिकत्वाचा किंवा कायम वास्तव्याचा पुरावा, आणि स्थिरावल्याचे पुरावे म्हणून पगारपत्रकं, कर आकारणीची नोटीस, घरभाड्याचा करार किंवा कौन्सिल रेट्सची, म्हणजे स्थानिक मालमत्ता कराची बिलं.

पोलिस दाखला ब्रिटनसाठी अ‍ॅक्रो या कार्यालयाकडून येतो. गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात मिळून १२ महिने राहिलात, त्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. तो विभागाने मागितल्यावरच काढावा, कारण त्याची मुदत मर्यादित असते.

साठ-सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्याहून एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत गेलेले आणि पुढे ब्रिटिश नागरिक झालेले कित्येक मराठी डॉक्टर आज याच वळणावर आहेत: मुलगा मेलबर्नमध्ये, आपण दोघे लेस्टरमध्ये. त्यांच्या दोन अडचणी वेगळ्या असतात. दर हिवाळ्यात दोन-तीन महिने पुण्यात काढले, की दहा वर्षांत बेरीज १२ महिन्यांच्या पुढे सहज जाते आणि भारताचाही पोलिस दाखला लागतो. दुसरी अडचण नावाची. लग्नात बाईचं आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदललेलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुसुम गोखले, पासपोर्टवर माधवी साने, आणि लग्नाची तेव्हा नोंदणीच केलेली नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणि मराठी कागदांचं अधिकृत इंग्रजी भाषांतर आत्ताच करून ठेवा. साक्ष देऊ शकणारी वडीलधारी माणसं आज आहेत, दहा वर्षांनी असतीलच असं नाही.

पेन्शन गोठते म्हणजे काय होतं

व्हिसाची फी एकदाच जाते. हा तोटा मात्र मरेपर्यंत चालू राहतो आणि सल्लागार त्याबद्दल फार कमी बोलतात. ब्रिटनची स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी पेन्शन, ऑस्ट्रेलियात मिळते, पण तिची दरवर्षीची वाढ मिळत नाही. तुम्ही गेलात तेव्हाचा दर, किंवा पेन्शन तिथे असतानाच सुरू झाली तर सुरू होतानाचा दर, तसाच राहतो.

२०१६ मध्ये नवी पूर्ण स्टेट पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होती. त्या वर्षी ती सुरू करून ऑस्ट्रेलियात गेलेल्याला आजही १५५.६५ पौंडच मिळतात. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये तोच दर २३०.२५ झाला. आठवड्याला ७४.६० पौंडांचा, म्हणजे वर्षाला जवळपास ३,९०० पौंडांचा फरक, आणि तो दर एप्रिलला वाढतच जातो. मेलबर्नमधली महागाई मात्र २०१६ वर थांबलेली नाही. ज्या माणसाने या पेन्शनसाठी चाळीस वर्षं नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी भरली त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे, असं मला वाटतं. हाच माणूस स्पेनला किंवा अमेरिकेला गेला असता तर वाढ मिळत राहिली असती. कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत या देशांतही पेन्शन गोठते, म्हणजे ब्रिटनहून निवृत्त होऊन नाशिकला परतलेल्यालाही हेच लागू.

या धोरणाच्या निषेधात ऑस्ट्रेलियाने ब्रिटनबरोबरचा सामाजिक सुरक्षेचा करार १ मार्च २००१ पासून संपवला. पेन्शनर युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये हरले. ब्रिटनला भेटीसाठी गेलात तर तेवढ्या मुक्कामापुरता चालू दर मिळू शकतो, परतलात की पुन्हा जुना.

ऑस्ट्रेलियाची एज पेन्शन, म्हणजे तिथली सरकारी वृद्धापकाळ पेन्शन, मिळायला सहसा १० वर्षांचं वास्तव्य लागतं. शिवाय ती उत्पन्न आणि मालमत्ता पाहून ठरते, आणि त्यात ब्रिटनची पेन्शन उत्पन्न म्हणून धरली जाते. आरोग्याच्या बाबतीत चित्र बरं आहे. कायमचा व्हिसा हाती आला की मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य योजनेत नाव घालता येतं. मात्र ब्रिटन कायमचं सोडलं की एनएचएसच्या रुग्णालयातल्या मोफत उपचारांचा हक्क जातो.

खासगी पेन्शनमधून एकरकमी पैसे काढायचे असतील, तर ऑस्ट्रेलियाचे करनिवासी होण्याआधी दोन्ही देशांची करपद्धत जाणणाऱ्या सल्लागाराला भेटा. ब्रिटनमध्ये करमुक्त असलेली २५ टक्के रक्कम तिथे गेल्यावर करमुक्त राहीलच असं नाही. निघताना पत्ता बदलल्याचं ब्रिटनच्या इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला कळवा. पुढे तिकडून हयातीच्या दाखल्याचा कागद टपालाने येतो. तो साक्षीदाराच्या सहीने वेळेत परत गेला नाही, तर पेन्शन थांबते.