बेसचा जुना व्हॉल्व्ह अँप: लोखंड, व्होल्टेज आणि मुंबई

बेस वाजवणाऱ्यांचं मूळ दुखणं एकच, ऐकू न येणं. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलच्या बॉलरूममध्ये जॅझ वाजायला लागलं, १९३५ ला लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड इथे आला, त्यांचं ऐकून गोव्याकडचे कितीतरी वादक त्या संगीतात उतरले, पण त्या काळच्या कुठल्याही बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सुरू झाले की मागे उभ्याने डबल बेस, म्हणजे माणसाएवढं खालच्या सुराचं तंतुवाद्य, ओढणाऱ्याचं फक्त हलणं दिसायचं. बोटं सोलून निघाली तरी खालचा सूर पाचव्या रांगेपर्यंत पोचत नसे. आज आपण ज्याला व्हिंटेज ट्यूब टोन म्हणतो ना (ट्यूब म्हणजेच व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टरच्या आधी आवाज वाढवणारी काचेची नळी), त्याची सुरुवात या अडचणीतून आहे, आणि ज्यांनी हे व्हॉल्व्हचे अँप बनवले त्यांना गरम, जाडसर, किंचित फाटलेला आवाज मुळीच नको होता, त्यांना स्वच्छ आणि मोठा आवाज हवा होता. ही गोष्ट आधी डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं सगळं नीट लागतं.

एव्हरेट हल हा अमेरिकेतला डबल बेस वाजवणारा माणूस. डबल बेस ज्या खालच्या खुंटीवर उभा असतो त्या खुंटीच्या आत त्याने छोटा माइक बसवला आणि १९४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ही अँप्लिफाइड पेग, त्यावरूनच कंपनीचं नाव अँपेग. हलला रॉक अँड रोल आवडत नसे, आवाज फाटणं तर अजिबात खपत नसे, त्याची गिऱ्हाइकं जॅझवाली होती आणि त्याचे अँपही तसेच स्वच्छ. तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस हा विजेवरचा बेस गिटार काढला, पडदे असलेला, गळ्यात अडकवायचा, आणि अँपशिवाय तो काहीच कामाचा नाही म्हणून लगेच १९५२ मध्ये बासमन अँप, एक १५ इंची स्पीकर आणि २६ वॉट. पुढे त्याच बासमनमध्ये चार १० इंची स्पीकर आले, तो बेसला तसा कमीच पडायचा पण गिटारवाल्यांनी तो उचलला, आणि १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शलच्या दुकानात त्याच सर्किटवरून पहिला मार्शल गिटार अँप बनला. म्हणजे रॉक गिटारचा जो आवाज जगभर गाजला त्याची मुळं बेसच्या अँपमध्ये आहेत, आणि हे मला कितीही वेळा सांगायला आवडतं, कारण बेसवाल्याला असं श्रेय सहसा कुणी देत नाही.

आता वजनाचं. व्हॉल्व्हचा अँप उचललेला प्रत्येक जण विचारतो की यात एवढं आहे काय. यात लोखंड आहे. व्हॉल्व्ह चालतो शेकडो व्होल्टवर आणि करंट देतो थोडासा, स्पीकरला उलट हवं असतं, व्होल्टेज कमी आणि करंट जास्त, म्हणून दोघांच्या मध्ये एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. त्या ट्रान्सफॉर्मरचा नियम असा की व्होल्टेज तेवढंच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला की लोखंडातला चुंबकीय फ्लक्स दुप्पट होतो. गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ८२ हर्ट्झ, बेसची ४१. म्हणजे तेवढाच जोर द्यायचा तर बेसच्या अँपला गिटारच्या मानाने दुप्पट फ्लक्स पेलणारं लोखंड पाहिजे, आणि त्यात माणसाचा कान खालच्या सुरांना मठ्ठ, त्यामुळे वॉटही जास्त पाहिजेत, म्हणून पुन्हा लोखंड. जोरात वाजवताना हे लोखंड त्याच्या मर्यादेजवळ गेलं की सुराची टोकं दबतात, व्हॉल्व्हही दमतात, आणि तिथे तो आवाज जन्मतो जो आपण आज शोधत फिरतो. कुणी ठरवून बनवलेला नाही तो, स्वच्छ राहायच्या धडपडीत अँप जिथे कमी पडला तिथला आहे.

माझ्याकडे जो आहे तो अँपेगचा बी-१५एन, साठच्या दशकातला. हे मॉडेल जेस ऑलिव्हरने बनवलं, तो स्वतः बेस वाजवायचा, आणि १९६० मध्ये ते बाजारात आलं. २५ वॉट, दोन ६एल६ जातीचे व्हॉल्व्ह, एसीचा डीसी करणारा रेक्टिफायरसुद्धा व्हॉल्व्हचाच, बंद पेटीत एक १५ इंची स्पीकर. खरी करामत झाकणात आहे. वाजवताना चेसिस, म्हणजे सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा, झाकणावर बसलेला असतो, व्हॉल्व्ह वर उघड्यावर, आणि काम झालं की बाजूच्या क्लिपा सोडून ते झाकण उलटं फिरवायचं की सगळे व्हॉल्व्ह डोकं खाली करून पेटीच्या पोटात जातात, वरून सपाट बॉक्स. टॅक्सीच्या डिकीत टाकायला याच्याइतका शहाणा अँप मी दुसरा पाहिला नाही. वर एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते, खालून दिवा लागतो, आणि तेव्हा कंपनी त्यावर गिऱ्हाइकाचं नाव कोरून द्यायची. माझ्या पट्टीवर कुणा अमेरिकन माणसाचं नाव आहे. तो कोण, त्याने कुठे कुठे वाजवलं, काही माहीत नाही, पण दिवा लागला की त्याचं नाव उजळतं आणि मला ती पट्टी बदलावीशी कधी वाटली नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन याच जातीच्या अँपवर वाजवायचा हे कळल्यावर तर मी काही दिवस हवेतच होतो.

पण २५ वॉट स्टेडियमला पुरत नाहीत. साठच्या दशकाच्या शेवटी बँड मैदानात वाजवायला लागले आणि १९६९ मध्ये अँपेगने एसव्हीटी आणला, ३०० वॉट, १४ व्हॉल्व्ह, नुसतं हेडच (स्पीकर सोडून उरलेला अँप) ३५ किलोच्या वर, आणि खाली आठ १० इंची स्पीकरचं कपाट. त्यातले आउटपुट व्हॉल्व्ह सुरुवातीला ६१४६ जातीचे, म्हणजे मुळात रेडिओ ट्रान्समीटरसाठी बनवलेले, नंतर ६५५० आले. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यात याचे प्रोटोटाइप वापरले, गिटारलासुद्धा. गंमत म्हणजे २५ वरून ३०० वॉटला गेलं तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो, वॉट बारापट करून हाती एवढंच, पण मिळतं ते स्वच्छ आणि छातीत बसणारं. मुंबईत एसव्हीटी पूर्ण उघडून वाजवायची जागा शोधणं हे वेगळंच प्रकरण आहे.

हे सगळं इकडे कसं आलं? दुकानातून तर क्वचितच. १९९१ च्या आधी परदेशी वाद्यं मागवायची म्हणजे आयात परवाना आणि भरमसाट ड्युटी, त्यामुळे येणारा माल यायचा ओळखीने, जहाजावरच्या बँडमधून परतणाऱ्यांच्या सामानात, दौऱ्यावर आलेल्या बँडने जाताना विकून टाकलेला, नाहीतर कुणाच्या तरी परदेशातल्या नातेवाइकाकडून. माझाही वांद्र्याच्या एका अंकलकडून आलाय, ते तरुणपणी जहाजावर वाजवायचे आणि नंतर हॉटेलांत. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं पोट दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगवर आणि रात्री हॉटेलवर चालायचं. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब, या स्टुडिओंमध्ये जे बेस गिटार वाजलं ते आपण लहानपणापासून रेडिओवर ऐकतोय, आर. डी. बर्मनच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस तर न कळत पाठ झालेला असतो. रेकॉर्ड लावा, आवाज कमी करा, आणि फक्त खालचा सूर धरून ऐका, मग कळेल.

अमेरिकन अँप इथे उतरला की पहिली मारामारी व्होल्टेजची. तो ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा, आपली लाइन २३० आणि ५० ची. व्होल्टेज उतरवायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण हर्ट्झ कुठे बदलणार? आणि इथे पुन्हा तोच लोखंडाचा नियम, फ्रिक्वेन्सी ६० वरून ५० वर आली की त्याच व्होल्टेजला फ्लक्स वीस टक्के वाढतो, ट्रान्सफॉर्मर तापतो, गुणगुणतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तीन तास चालला की एखाद्या दिवशी वास येतो. ब्रिटिश अँपना हा त्रास नाही, ते मुळातच ५० हर्ट्झचे. माझ्या बी-१५ चा मूळ पॉवर ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे येण्याआधीच कधीतरी जळलेला होता आणि त्याच्या जागी इथेच हाताने गुंडाळलेला २३० चा बसवलाय. जास्त स्टॅम्पिंगचा, म्हणजे जास्त लोखंडी पट्ट्यांचा, मूळच्यापेक्षा जाड, वरून काळी वॉर्निश मारलेली, आणि पट्ट्यांच्या कडेला ती वॉर्निश ओघळून थेंब तसेच सुकलेत. कलेक्टर लोक यावर नाक मुरडतात, किंमत पाडतात. मला विचाराल तर या अँपमधला सगळ्यात विश्वासाचा पार्ट तोच आहे, कारण तो मुंबईच्या लाइनसाठी बनलाय, हात लावला तर कोमट लागतो आणि आवाज काढत नाही.

असा ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे लोक मुंबईत होते ते बेस गिटारवाल्यांमुळे नव्हेत. ते होते रेडिओमुळे आणि लाउडस्पीकरमुळे. घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ होते, गणपतीच्या मंडपात आणि लग्नात भोंग्यांना चालवणारे अँप व्हॉल्व्हचे होते, आणि हे सगळं बिघडलं की लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांमध्ये यायचं. व्हॉल्व्हही नुसते बाहेरून येत नव्हते, बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि बीईएल छापलेले जुने डबे आजही एखाद्या दुकानाच्या वरच्या फळीवर सापडतात. मंडपाचा अँप दुरुस्त करणाऱ्याला अँपेगचं सर्किट उघडून दाखवलं तर त्याला ते परकं नसायचं, तेच प्लेट व्होल्टेज, तोच बायस, तेच कंडेन्सर. त्याला बेस म्हणजे काय हे माहीत नसेल, पण हम, म्हणजे ती सततची गुणगुण, कुठून येतो हे तो कान लावून सांगायचा. या कारागिरांचं नाव कुठल्याही पुस्तकात येत नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या शहरात जे जुने अँप जिवंत आहेत ते त्यांच्या हातामुळे आहेत.

मग ट्रान्झिस्टर आला. बेल लॅब्सने तो १९४७ मध्येच बनवला होता, पण बेसच्या अँपमध्ये दमदारपणे घुसला तो साठच्या शेवटी. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गरजच संपली, वजन निम्मं झालं, आणि मुंबईच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव वाजू लागला त्या काळापर्यंत ज्याला त्याला हलका, न तापणारा अँप हवा होता. जुने व्हॉल्व्हवाले माळ्यावर गेले, काहींचे स्पीकर काढून विकले, पेट्या भंगारात. आता तर क्लास डी नावाचा नव्या पद्धतीचा ट्रान्झिस्टर अँप आहे, दोन-तीन किलोत ८०० वॉट, बॅगेच्या कप्प्यात मावतो आणि लोकलने नेता येतो. मी गिगला तोच नेतो, यात लपवायचं काय. बी-१५ घरी आणि रेकॉर्डिंगला. छोट्या खोलीत २५ वॉटच बरोबर पडतात, आवाज चारवर ठेवला की जोरात मारलेला सूर किंचित गुरगुरतो आणि हलका मारलेला अगदी साफ येतो, बोटातला फरक एवढा उघडा करणारा अँप सवय पार बदलून टाकतो.

घ्यायचा विचार असेल तर मुंबईपुरत्या काही गोष्टी. इथली हवा या अँपची वैरी आहे, दमटपणाने चेसिस गंजतो, पॉट (आवाज कमी-जास्त करायची फिरती बटणं) खरखरतात, स्पीकरच्या कागदी कोनला बुरशी धरते, त्यामुळे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. फिल्टर कंडेन्सर पन्नास-साठ वर्षांचे असतील तर ओरिजनल म्हणून जपू नका, बदला. दोन पिनांचा जुना अमेरिकन प्लग असेल तर वाजवायच्या आधी तीन पिनांचं अर्थिंग करून घ्या, आणि चेसिसला जोडलेला तो छोटा लाइन कंडेन्सर काढून टाकायला सांगा, तो शॉर्ट झाला तर तारांमधून करंट हातात येतो. अँप बंद करून प्लग काढला तरी आत शेकडो व्होल्ट साठलेले राहतात, म्हणून स्वतः उघडून बोटं घालू नका. व्हॉल्व्ह आता मुख्यत्वे स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा भाव एकदम चढले होते, तेव्हापासून ६एल६ चा एक जुळलेला जोड मी कपाटात जादा ठेवतो. आणि विकणारा सांगेल की सगळं ओरिजनल आहे, तर पहिल्यांदा त्याला विचारा की पॉवर ट्रान्सफॉर्मर किती हर्ट्झचा आहे, मग अर्धा तास चालू ठेवून त्याच्यावर हाताचा मागचा भाग टेकवून बघा.