रुद्रमादेवी आणि काकतीय: देवगिरीच्या शेजारची राणी

हेमाडपंती देवळांमुळे हेमाद्रीचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. देवगिरीच्या यादवांचा हा मंत्री ग्रंथकारही होता. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडात यादव राजांची प्रशस्ती येते. महादेव यादवाने तेलंगणच्या फौजेचे हत्ती आणि मानाची वाद्यं हिसकावून आणली, रुद्रमेला मात्र बाईमाणूस म्हणून जिवंत सोडलं, असं त्यात म्हटलं आहे. ही रुद्रमा म्हणजे वरंगळची काकतीय राणी रुद्रमादेवी.

यादव आणि काकतीयांचं वैर त्याआधीचं. दोन्ही घराणी कल्याणीच्या चालुक्यांची मांडलिक, आणि चालुक्य खचल्यावर दोघंही स्वतंत्र झाली. हनमकोंड्याचं हजार खांबी देऊळ 1163 मध्ये बांधणारा रुद्रदेव यादवांशी लढताना मारला गेला. त्याचा पुतण्या गणपतिदेव यादवांच्या कैदेत पडला आणि सुटून आल्यावर 1199 मध्ये राजा झाला. पुढची साठेक वर्षं त्याने राज्य केलं, किनाऱ्यापर्यंतचा तेलुगू मुलूख एका छत्राखाली आणला. मोटुपल्ली बंदरातल्या 1244 च्या शिलालेखात तो परदेशी व्यापाऱ्यांना अभय देतो. वादळात जहाज किनाऱ्याला लागलं तर राजे मालच जप्त करायचे. आपण ठरलेली जकात तेवढी घेऊ, असा त्याचा शब्द आहे.

गणपतिदेवाला मुलगा नव्हता. त्याने गादी मुलगी रुद्रमेला दिली आणि तिला पुरुषी नाव दिलं, रुद्रदेव महाराज. शिलालेखांत ती याच नावाने भेटते, त्यामुळे नुसता लेख वाचणाऱ्याला इथे राणी आहे याचा पत्ताही लागू नये. दरबारात ती पुरुषी पोशाखात बसायची असं सांगतात. निडदवोलूच्या पूर्व चालुक्य घराण्यातल्या वीरभद्राशी तिचं लग्न झालं होतं, पण राजा म्हणून तो कुठेच दिसत नाही.

1262 च्या सुमारास कारभार पूर्णपणे तिच्या हाती आला. बाईचं राज्य म्हणजे आयती संधी, असं सरदारांना वाटलं असणार, शेजाऱ्यांनाही. महादेव यादव चालून आला. तेलुगू बखरीत मात्र हीच लढाई उलटी आहे: राणीने यादवांना देवगिरीपर्यंत पिटाळलं आणि खंडणी वसूल केली. ही बखर बरीच नंतरची, तेव्हा खंडणीचे आकडे सोडून द्यावेत. पण बीदरच्या किल्ल्यात तिच्या सरदाराचा शिलालेख सापडला आहे, आणि बीदर यादवांच्या बाजूचा मुलूख. हरलेल्या राणीचा सरदार तिथे तिची बिरुदं कोरून ठेवील का? मला हेमाद्रीने सांगितलेलं औदार्य सारवासारवीचं वाटतं.

तिचं एक बिरुद होतं रायगजकेसरी, म्हणजे राजेरूपी हत्तींवरचा सिंह. वरंगळच्या किल्ल्यातल्या स्वयंभू देवळाच्या अवशेषांत सिंहावर बसलेली, हाती शस्त्र घेतलेली स्त्री कोरलेली दिसते, ती बहुधा याच बिरुदाची खूण. किल्ल्याची दगडी तटबंदीही तिने उंच करून घेतली.

मार्को पोलोने मोटुपल्लीच्या राज्याचं वर्णन केलंय: हिरे, कोळ्याच्या जाळ्यासारखं तलम कापड आणि न्यायी राणी. तिने नवऱ्यामागे चाळीस वर्षं राज्य केलं, असं तो लिहितो. नवरा नव्हे, बाप. आणि वर्षंही त्याने जास्त सांगितली. पण पुरुषी नावाआडची बाई या परक्या प्रवाशापर्यंत बरोबर पोचली होती.

रुद्रमेने मुलगी मुम्मडम्मा हिच्या मुलाला, प्रतापरुद्राला, वारस केलं. त्याच्या काळात, 1323 मध्ये, दिल्लीच्या फौजेने वरंगळ घेतलं आणि कैदी म्हणून नेताना नर्मदेकाठी तो वारला. नायकांना जमीन देऊन त्याबदल्यात फौज घ्यायची ही काकतीयांची पद्धत पुढे विजयनगरच्या काळातही दिसते.

राणीचा शेवट काकतीयांच्या मांडलिक कायस्थ घराण्यातल्या अंबदेवाच्या बंडाच्या धामधुमीत झाला असं मानतात. नलगोंडा जिल्ह्यातल्या चंदुपट्लाला नोव्हेंबर 1289 चा एक शिलालेख आहे. राणी आणि तिचा सेनापती मल्लिकार्जुन नायक, दोघंही शिवलोकी गेले, त्यांच्या पुण्यासाठी हे दान, असा त्याचा आशय. दान करणारा कोणी राजा नव्हे, पुव्वुल मुम्मडी नावाचा सेवक.