दहावा नको, देहदान करा

नास्तिक माणूस मरणाला जास्त भीत असेल, असं आपण धरून चालतो. वर कुणी नाही, पुढे काही नाही, मग शेवटी आधार कशाचा? धार्मिकता आणि मृत्युभय यांवरच्या सुमारे १०० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक ठिकाणी दोहोंचा काही संबंधच दिसला नाही. काही मोजक्या अभ्यासांत ठाम नास्तिकांपासून पक्क्या श्रद्धाळूंपर्यंत सगळे तपासले होते. त्यांतल्या बहुतेकांत दोन्ही टोकांना भीती कमी आणि मधल्या, धड इकडे ना तिकडे अशा लोकांत जास्त आढळली.

स्वतःच्या मरणाचं असं निभावतं. खरी पंचाईत मागे राहिलेल्यांची होते. दहावा-तेरावा नाही, पिंडाला कावळा शिवायची वाट बघणं नाही. मग त्या दिवसांत हातांनी करायचं काय? श्रद्धा नसली तरी निरोपाला काहीतरी कृती लागतेच, असं मला ठामपणे वाटतं. महाराष्ट्रातल्या अनेक विवेकवादी घरांनी ती देहदानात शोधली आहे.

आधी डोळे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपटलं काढून घेतात, घरी येऊनसुद्धा. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा. हे काम घरच्यांनीच करायचं असतं. नेत्रदान झालेला देह वैद्यकीय महाविद्यालय एरवी स्वीकारतं; शवविच्छेदन झालेला मात्र सहसा घेत नाही.

तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागात मांडीच्या किंवा मानेच्या रोहिणीतून फॉर्मालिनचं द्रावण आत सोडतात. रक्त जिथे जिथे पोचायचं तिथे ते पोचतं. त्यातलं फॉर्माल्डिहाइड प्रथिनांचे रेणू एकमेकांना घट्ट बांधून टाकतं, जिवाणूही मारतं, आणि कुजण्याची प्रक्रिया थांबते. मग पहिल्या वर्षाची मुलं काखेतली चरबी हलक्या हाताने बाजूला करत दंडाकडे जाणाऱ्या नसांचं जाळं शोधतात. प्रत्येक देहात ते जरा वेगळं निघतं आणि पुस्तकातली आकृती तिथे अपुरी पडते. अनेक महाविद्यालयांत विच्छेदनाआधी विद्यार्थी या देहापुढे कृतज्ञतेची शपथ घेतात.

अर्ज भरून ठेवला तरी देह प्रत्यक्ष सोपवतात ते नातेवाईक. एकाने जरी ऐनवेळी हट्ट धरला तरी सगळं अडतं. म्हणून जेवताना, सगळे समोर असताना, मुलांना आणि भावंडांना हे स्पष्ट सांगून ठेवावं आणि महाविद्यालयाचा फोन नंबर त्यांच्याकडे द्यावा.